शेड नंबर एकतीस

रंगखात्यात बावीस वर्षं मी लव्हेंडर रंगवलं.
झाड कधी पाहिलं नव्हतं.

शेडकार्डावर एकतीस नंबरला चौकोनी चिंधी होती.
ताग्याचं टोक दारातल्या उजेडात तिच्याशेजारी धरायचं,
आणि जुळलं नाही तर म्हणायचं, परत घाला.
मिल बंद झाली तेव्हा ज्यानं त्यानं काहीतरी उचललं.
कुणी पितळी तोटी, कुणी बॉबिनींचं खोकं.
मी कार्ड आणलं.

नात पालमपूरला शिकते. तिनं पाठवलेलं रोप
तीन दिवस आडवं झोपून परदेशीपुऱ्यात उतरलं.
पानं राखाडी, अर्धवट धुतल्यासारखी.
मी त्याला आमची काळी माती दिली,
जिच्यात काठी रोवली तरी पालवी फुटते
असं इंदूरची माणसं पाहुण्यांना सांगतात.
श्रावणात ते खालून काळं पडत गेलं.
शेंडा हिरवा, पाय कुजलेले.
उपटलं तेव्हा मुळं हाती लागलीच नाहीत,
नुसता भिजून राहिलेल्या सुताचा वास.

दुसरं रोप पावसापासून लपवलं. जिन्याखाली.
तिथे ते वाढलं खरं, पण लुकडं,
जाळीतल्या उजेडाकडे मान काढून,
रात्रपाळीला नवीन लागलेल्या पोरासारखं.
मग पांढरी माशी. मग चिकटा.
फूल नाही.
शेजारचा गेंदालाल म्हणाला, भिया, ये है क्या चीज़?
मी सांगितलं.
तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मोगरा लगा लो.

फोनवर नात ओरडली, आजोबा, त्याला लाड नकोत!
उघड्या टेकडीवरचं आहे ते, समुद्राकाठचं.
खडी हवी, वारा हवा, चुना हवा.

चुना! हे आधी सांगायचं नाही का.

त्याच आठवड्यात मिलची मागची भिंत पाडत होते.
जुनं काम, विटांमध्ये बोटभर चुना.
चौकीदार आमच्या खात्यातल्या कान्होजी घोरपड्यांचा जावई,
त्यानं तोंड फिरवून बिडी पेटवली,
तेवढ्यात दोन घमेली भरली.
घरी आणून बत्त्यानं कुटली.
द्वारका म्हणाली, तो माझा बत्ता आहे.
तीन भाग भिंत, एक भाग माती.
कुंडीच्या भोकावर खापरी, उलटी.

तिसरं जगलं.
वैशाखात दुपारी दोन ते पाच जुनी चादर बांधली,
पावसाळ्यात पत्र्याखाली, पण वाऱ्यात.
नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो,
याला दहा दिवसांआड.
तहान लागली की पान जरा आत वळतं. ते ओळखायला शिकलो.

आणि कार्तिकात मीच चुकलो.
फार पसरलं म्हणून कात्री घेतली,
एका बाजूनं तपकिरी लाकडापर्यंत छाटत गेलो.
तिथून ते परत फुटत नाही, हे मला
संध्याकाळी कळलं.
त्या बाजूला नंतर काहीच आलं नाही. काटक्या.
मी कुंडी फिरवून ती बाजू भिंतीकडे केली.
अजून तशीच आहे.

माघातल्या एका सकाळी उरलेल्या अर्ध्यावर
तीन तुरे.
मी हात धुतले, चष्मा पुसला,
ट्रंकेतून कार्ड काढलं
आणि दारातल्या उजेडात एकतीस नंबर फुलाशेजारी धरला.

जुळत नव्हता.
आमचा तांबूस, बराच तांबूस.
बाराशे वार, अठराशे वार,
लग्नाच्या, बारशाच्या, बोहारणीकडे गेलेल्या साड्या,
सगळ्या त्या चिंधीशी तंतोतंत.
चिंधी कशाशी जुळवली होती
ते आम्ही मास्तरांना विचारलं नाही,
मास्तरांनी वर विचारलं नसेल.

सवयीनं तोंडातून निघून गेलं, परत घाला.

काय परत घालू? आतून द्वारका म्हणाली.
काही नाही, म्हटलं. तुझं चालू दे.
तुऱ्यावर एक मुंगी चढत होती,
मधेच थांबली,
कार्डाच्या कडेवर आली.